पवनानगरच्या पुढे

शाळेत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बोलणाऱ्या मुलांची नावं लिहायची पद्धत तुमच्याकडे परदेशात नसेल, म्हणून आधी ती सांगते. शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो. कुणी तोंड उघडलं की त्याचं नाव कोपऱ्यात. पुन्हा बोलला की नावापुढे फुली. शिक्षक परत आले की त्या नावांना शिक्षा. मी स्वतः अशाच वर्गांत शिकले आणि लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा माझ्या वर्गातही तेच चाले. मला शिस्त आवडते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. मुख्याध्यापिकांना भेटून मी वर्गाकडे परत येत होते, तर आतून माझ्या ओळखीचा नसलेला एक भारदस्त आवाज ऐकू आला. दारात पोचले. गुडघ्याखाली येणारा निळा फ्रॉक, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मानेवर आखूड कापलेले केस अशी एक उंच बाई फळ्यासमोर उभी होती आणि कोपऱ्यातली नावं तळहाताने पुसत होती. डस्टर शेजारीच पडलं होतं.

"मॉनिटर कोन?"

एक हुशार, नीटनेटकी मुलगी उभी राहिली.

"तुला ही नावं लिवाया कोनी सांगितलं?"

"टीचरनी, मिस."

"आन तुला आवडतंय व्हय लिवायला?"

मुलगी खाली बघायला लागली.

"मंग ऐक. बोलनाऱ्याचं नाव लिवायचं न्हाई. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं, लय मोठ्यांदा बोलावं, मला पार तिकडं भूगोलाच्या तासाला ऐकू आलं पाह्यजे. पन कुजबूज न्हाई आन चुगली न्हाई. चुगली केलीस तर तुजं एकटीचं नाव फळाभर लिवीन मी."

मग त्या माझ्याकडे वळल्या, अतिशय सुंदर इंग्रजीत त्यांनी मला नमस्कार केला, स्वतःची ओळख करून दिली आणि खडूने पांढरा झालेला हात पुढे केला. मी रागात होते. तरी तो हात मी हातात घेतला.

त्या ऑलिंडा मिस. तुमच्यातल्या ईराने मागच्या महिन्यात फोनवर मला विचारलं होतं, की हुकूमशाहीच्या काळात समलिंगी माणसं कशी जगली हे आम्ही शाळेत शिकतोय, आजी, तुला असं कुणी माहीत आहे का, की हे सगळं पुस्तकातच असतं? मी म्हटलं, आहे एक. तेवढ्यात तुमची जेवायची वेळ झाली. म्हणून हे लिहिते आहे. मिस गेल्या पावसाळ्यात वारल्या. "माजं कुनाला सांगाल तर नाव बदलून सांगू नका," असं त्यांनी मला एकदा बजावलं होतं, म्हणून नाव बदललेलं नाही.

मिस मूळच्या गोव्याच्या, गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता तेव्हाच्या. त्यांना पोर्तुगीज यायचं, फ्रेंच यायचं, इंग्रजी माझ्याहून चांगलं यायचं. मराठी मात्र त्या त्यांच्याबरोबर राहणाऱ्या हौसाकडून शिकल्या होत्या आणि हौसा मावळातली, पवनानगरच्या धरणाकाठची. त्यामुळे पालक भेटायला आले की त्यांना धक्काच बसायचा. फ्रॉकमधली ही बाई युरोपच्या नकाशासमोर उभी राहून म्हणायची, "तुमचं प्वार हुशार हाय वो, पन पाठांतर लय करतंय. डोंगर पाठ व्हत न्हाईत, चढावं लागत्यात." मी एकदा त्यांना प्रमाण भाषेची पुस्तकं देऊ केली. त्या म्हणाल्या, "मी ज्या घरात राहते तितली भाषा बोलते. तुमी पन तेच करता ना, सुमनबाई?" मी पुस्तकं पिशवीत परत ठेवली.

हौसाची हकिकत थोडक्यात अशी. आईबापांनी तिला सुदुंबऱ्याला दिली होती. वर्षाच्या आत ती परत आली आणि पुन्हा नांदायला गेली नाही. त्याच सुमाराला माहेरची जमीन धरणात गेली. थोरला भाऊ, बबनराव, म्हणाला, एक तर नवऱ्याकडे जा नाही तर तुझी तू बघ. तिने तिचं तिने पाहिलं. लोणावळ्याला येऊन शाळेशेजारच्या एका बंगल्यात बागकामाला लागली. मधल्या भिंतीवरून मिसची आणि तिची ओळख झाली, आणि पुढच्या वर्षी दोघींनी मिळून बाजारापासून दूर एक छोटं घर घेतलं. मागच्या मोकळ्या जागेत हौसाने रोपवाटिका काढली. लोणावळ्यातल्या निम्म्या बंगल्यांच्या बागा तिच्या रोपांवर उभ्या आहेत. माझ्याहून ती दोन-तीन वर्षांनी मोठी, पण पहिल्याच भेटीत तिने मला "अगं-तुगं" केलं आणि मला ते आवडलं.

त्या घराला पडदे नव्हते. एकाही खिडकीला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोघी जेवताना दिसत, भांडताना दिसत, एकीच्या पायाला दुसरी तेल चोळताना दिसत. सगळं गाव बोलत असे. एकदा मुख्याध्यापिकांनी मिसना बोलावलं, तेव्हा मी तिथेच वेळापत्रक करत बसले होते.

"मिस, तुमच्या घराबद्दल तक्रार आली आहे."

"कुनाची?"

"नाव दिलेलं नाही."

"मंग ती तक्रार न्हाई, वारा हाय," मिस म्हणाल्या. "खिडकी लावून घ्या."

आणि त्या तासावर निघून गेल्या. मुख्याध्यापिकांनी खरोखरच उठून खिडकी लावली. तो विषय शाळेत पुन्हा निघाला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तुळशीजवळ लावायला एक पांढरी जास्वंद हवी होती. मी त्यांना हौसाकडे घेऊन गेले. रोप घेऊन झालं, चहा झाला. सासूबाईंना उगीच इकडेतिकडे डोकावायची सवय होती. आतल्या खोलीत नजर टाकून त्या म्हणाल्या, "दोघी राहता आणि पलंग एकच?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. हौसा हसायला लागली. मिसनी चहाचा कप खाली ठेवला.

"लिस्बनला दोन व्हते, आजी," त्या म्हणाल्या.

आणि मग व्हरांड्यात, भर दुपारी, रस्त्यावरून माणसं जात असताना, त्यांनी आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. मी मध्येच आवाज कमी करायची खूण केली. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मी शिकाया गेलते तितं. बापानंच धाडली. तितं मला तेरेझा भेटली. टेलिफोनच्या हापिसात कामाला व्हती. आमी दोगींनी एक खोली घेतली. एक खोली, दोन पलंग. दुसऱ्या पलंगावर कोनी झोपायचं न्हाई, पन रोज सकाळी उठून मी त्याच्यावर लोळायचे. चादर चुरगाळायची, उशीला खळगा पाडायचा. का? तर खाली दारापाशी एक बाई बसायची, इमारतीची राखन करनारी. समद्यांच्या किल्ल्या तिच्याकडं. आमी कामाला गेलो की वर येऊन बघून जायची."

"कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगायला. पोलिसाला सांगायला. तसलंच सरकार व्हतं. समदे समद्यांवर नजर ठेवायचे. कोन काय वाचतो, कोन कुनाकडं जातो, कोन कुनासंगं झोपतो. आन धुनं बी बघायची ती. दोन पलंग म्हंजे दोन चादरी वाळत पडल्या पाह्यजेत. आमची तर एकच मळायची. म्हनून दुसरी, चांगली कोरडी, स्वच्छ चादर मी दर आठवड्याला पान्यात घालायची. थंडीत. बोटं बधिर व्हायची. खोटं धुनं."

"आन म्हनून आता या बया एक बी चादर धुवत न्हाईत," हौसा म्हणाली. "समदं माज्या गळ्यात!"

मिसही हसल्या. मग म्हणाल्या, "एक आठवडा मला ताप आलता. तेरेझानं एकच चादर धुतली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पोलीस आले. आता त्या चादरीवरनं आले का आनखी कशावरनं, ते मला आजतागायत म्हाईत न्हाई. कशावरनं धरलं ते सांगत न्हाईत ना. मंग मानूस जलमभर चादरी आठवत बसतो."

पोलिसांना दोघींच्या संबंधात फारसा रस नव्हता. त्यांना आणखी नावं हवी होती. तुमच्यासारखे आणखी कोण कोण आहेत, कुठल्या घरात जमता, कुठल्या कॅफेत बसता. समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, लिही. मिसनी लिहिलं नाही. तेरेझानेही लिहिलं नाही. मग तेरेझाच्या वडिलांना बोलावलं आणि त्यांनी आपल्या मुलीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. मिसना बोटीत बसवून गोव्याला पाठवून दिलं.

तुम्ही शाळेत शिकता म्हणून एवढं सांगून ठेवते, की पोर्तुगालमधली ती हुकूमशाही जवळजवळ अर्धं शतक टिकली आणि तिथल्या कायद्याने अशा माणसांना भिकारी आणि भटक्यांच्या रांगेत बसवलं होतं. पुरुषांना सक्तमजुरीच्या कोठड्यांत डांबत. बायकांचा गाजावाजा कमी होई, कारण त्यांचा बंदोबस्त करायला घरचे लोकच तयार असत. हे मी पुढे वाचलं. त्या दुपारी मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"गोव्यात बी तेच सरकार, तेच पोलीस," मिस सांगत होत्या. "बापाच्या दारापुढनं रोज एक चक्कर मारायचे. बापानं माजं लगीन ठरवलं. त्याच्या आदी मी मासळीवाल्या बायांबरोबर, डोक्यावर पाटी घेऊन, सावंतवाडीच्या बाजूनं हिकडं आले. त्या पाटीत मासं कमी आन माजी पुस्तकं जास्ती व्हती. हिकडं आल्यावर मी एक ठरवलं. आता लपायचं न्हाई. झोपेन ती एका पलंगावर, आन खिडकी उघडी ठेवून."

सासूबाई जास्वंदीचं रोप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थंडीत गार पाण्यात चादर? पाणी तापवायला काही नव्हतं का गं तुमच्याकडे?"

त्यानंतर सासूबाई दर वर्षी हौसाला हळदीकुंकवाला बोलावत आणि बरोबर मिसलाही.

पोर्तुगालमधली ती राजवट पडली तो दिवसही मला लख्ख आठवतो. वार्षिक परीक्षा संपल्या होत्या. मुलं सुट्टीवर गेली होती आणि आम्ही शिक्षिका पेपर तपासायला शाळेत येत होतो. अचानक शाळेची घंटा वाजायला लागली. तास संपल्याची नव्हे. आग लागल्यावर वाजवतात तशी. आम्ही बाहेर धावलो. ऑलिंडा मिस घंटेचा दोर दोन्ही हातांनी ओढत होत्या. शिपाई कोंडिबा उघड्या अंगाने पळत आला. शेजारच्या बंगल्यांतले माळी भिंतीवर चढले.

"काय झालं, मिस? कुटं पेटलं?"

"सरकार पडलं!"

कोंडिबाचा चेहरा उतरला. "दिल्लीचं?"

"न्हाई रं! माजं! माजं सरकार पडलं!"

त्यांनी कोंडिबालाही दोर धरायला लावला. घंटा इतका वेळ वाजली की खालच्या आळीतून पाण्याचा टँकर आला. मिसनी टँकरवाल्याला पेढे आणायला पाठवलं.

पण काही महिन्यांनी त्यांचा एक चुलतभाऊ लिस्बनहून मुंबईला आला आणि त्यांना भेटून गेला. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मिस म्हणाल्या, की नव्या मोकळ्या देशात तिथले त्यांच्यासारखे लोक आपली मागणी घेऊन पुढे आले, तर सत्तेवर आलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं की ही क्रांती असल्या लोकांसाठी केलेली नाही. आणि तेरेझाचा पत्ता त्या भावाला लागला नाही. इस्पितळात नाही, घरी नाही.

"हुकूमशहा गेला तर जातो," मिस म्हणाल्या. "पन खाली दारात बसलेली ती बाई जात न्हाई, सुमनबाई. ती तितंच बसून ऱ्हाते. तिला रोज उठवावं लागतं."

आता दोघींचं खरं दुखणं सांगते.

हौसाच्या गावची यात्रा उन्हाळ्यात असते. पवनानगरच्या पुढे, धरणाला वळसा घालून गेलं की ते गाव लागतं. यात्रेला माहेरवाशिणींना बोलावतात, त्यांची ओटी भरतात. काही वर्षांनी बबनरावांचा राग निवळला आणि हौसालाही बोलावणं येऊ लागलं. पण निरोप असा असे, की एकटीने यावं. मिस बरोबर आल्याच तर शाळेतली ओळखीची, मैत्रीण म्हणून येऊ देत. जेवायला घालू, मान राखू.

"मैत्रीन म्हनून मी येनार न्हाई," मिस म्हणाल्या. "ती खोटी चादर मी परत धुनार न्हाई."

"आगं पन एका दिसाचा तर प्रश्न हाय," हौसा म्हणायची.

"तितं बी एकेका दिसाचाच प्रश्न व्हता."

मग त्यांनी आपली एक रीत पाडली. यात्रेच्या दिवशी दोघी एकत्र निघायच्या. पवनानगरला एस.टी. थांबते, तिथून पुढे गावाला जीप. हौसा जीपमध्ये बसून पुढे जायची आणि मिस स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात बसायच्या. दिवसभर. वर्तमानपत्र वाचायच्या, तळलेली मासळी खायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या आवाजात सांगायच्या, "आमची हौसा म्हायेरी गेलीय, तिची वाट बघतीय." संध्याकाळी हौसा ओटीतले तांदूळ आणि नारळ घेऊन परत यायची. मिस विचारायच्या, "काय म्हनलं माज्याबद्दल?" हौसा म्हणायची, "कायबी न्हाई." आणि दोघी लोणावळ्याची गाडी धरायच्या.

हौसाला माहेर हवं होतं आणि मिसना लपायचं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी मिळत नव्हतं, आणि दोघींपैकी एकीनेही दुसरीला आपलं सोडून द्यायला सांगितलं नाही. अशी सगळी वर्षं गेली. मिस निवृत्त झाल्या, हौसाचे गुडघे गेले, हॉटेलात बापाच्या जागी मुलगा गल्ल्यावर बसू लागला. काही वर्षांपूर्वी दिल्लीच्या मोठ्या न्यायालयाने सांगितलं, की अशी माणसं गुन्हेगार नाहीत. मी पेढे घेऊन गेले. मिस म्हणाल्या, "त्यांना आज कळलं व्हय? बरं झालं." पेढा खाऊन मग म्हणाल्या, "बबनरावला कोन सांगनार?"

गेल्या उन्हाळ्यात बबनरावांच्या नातीचं लग्न ठरलं. वैष्णवी तिचं नाव. तळेगावच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. ती कॉलेजात असल्यापासून घरी न सांगता रोपवाटिकेत येत असे. पत्रिका घेऊन ती स्वतः आली. मी तिथेच होते.

"आत्याआजी, मिसआजी, दोघींनी यायचं. एकीने आलात तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

"तुजा बाप काय म्हनतो?" हौसाने विचारलं.

"पप्पांचं मी बघते."

पप्पांचं, म्हणजे संतोषचं, म्हणणं तासाभरात फोनवर आलं. "आत्या, मिसला आन. माझं काही न्हाई. पन तितं पावन्यांत बसव, म्होरं नको."

हौसाने फोन ठेवला आणि पत्रिका उचलून कपाटात ठेवली.

लग्न सोमाटण्याजवळच्या मंगल कार्यालयात होतं. मी दोघींना माझ्या गाडीतून घेऊन गेले. मिसनी पांढरा फ्रॉक घातला होता, कडक इस्त्रीचा. हौसा हिरवी नऊवारी नेसली होती. गाडीत दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

आमच्याकडच्या लग्नांतला मानपानाचा प्रकार तुम्ही पाहिलेला नाही. लग्न लागण्याआधी जवळच्या नातेवाइकांना माइकवरून नाव पुकारून व्यासपीठावर बोलावतात. दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. जोडपं येऊन बसतं. त्यांना कुंकू लावतात, पुरुषाला फेटा बांधतात, बाईला साडी देतात. त्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडलेला कुणालाही चालत नाही. पुष्कळ घरांतली भांडणं या क्रमावरूनच सुरू होतात.

संतोषने विचार केला तो असा, की नवरदेवाकडचे पोचायच्या आत आत्याचा मान उरकून टाकावा. म्हणून त्याने हौसाचं नाव सगळ्यांत वर घातलं. एवढीच त्याची चूक झाली. सगळ्यांत वर घातलेलं नाव अडलं की मागची अख्खी रांग अडते.

"वधूच्या वडिलांच्या आत्या, हौसाबाई, यांनी मान स्वीकारण्यासाठी व्यासपीठावर यावं, ही नम्र विनंती!" माइकवाला म्हणाला.

दोन खुर्च्यांपैकी एक एका पोराने उचलून मागे नेली.

हौसा उठली. तिच्याबरोबर मिस उठल्या. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. पायऱ्यांपाशी गेल्यावर त्यांनी माझा खांदा सोडला आणि हौसाचा दंड धरला. दोघी म्हाताऱ्या एक एक पायरी चढून वर गेल्या. मी खालीच थांबले.

संतोष पुढे झाला. "मिस, तुमी बसा ना खाली. तुमचं मागनं करतो, पावन्यांबरोबर."

मला वाटलं होतं मिस बोलतील. बोलली हौसा.

"ती माज्यासंगं हाय."

"म्हाईत हाय गं आत्या. पन लोकं बघत्यात."

"बघाया तर बोलावल्यात न्हवं? पत्रिका कशाला वाटल्यास मंग?"

माइक चालूच होता. सभागृहभर हशा पिकला. संतोषचे कान लाल झाले. "बस आत्या, बस खुर्चीवर."

"मगाशी दोन व्हत्या. दुसरी कुटं गेली?"

"आत्या, नको ना असं करू."

"मी काय बी करत न्हाई. मी उबी हाय. माजं अर्दं आयुष्य मी एकटी येतीय तुमच्या दारात, अन् ही बया तिकडं स्टँडवर बसतीय उन्हात. झालं त्येवढं लय झालं. एकटी मी बसनार न्हाई."

माइकवाल्याने प्रसंग ओळखून पुढचं नाव घेतलं. "वधूचे मामा, सपत्नीक..."

पहिल्या रांगेतले वैष्णवीचे मामा, चांगले धिप्पाड गृहस्थ, जागचे हलले नाहीत. "आत्याचा मान झाल्याबिगर मामाचा कसा? असं कुटं असतंय?"

"मामा, जरा या ना..."

"आदी त्यांचं उरका. मी काय उष्टा मान घेनार न्हाई."

मामांना मिसबद्दल काही प्रेम होतं असं नाही. त्यांना क्रम हवा होता. बाहेर नवरदेवाकडचा बँड वाजायला लागला. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. पुढच्या रांगेतल्या काही बायकांनी तोंड फिरवलं, मागच्या बायका बघता यावं म्हणून उभ्या राहिल्या. आतल्या खोलीच्या दारात वैष्णवी मुंडावळ्या बांधून उभी होती आणि दोन्ही हातांनी आजोबांना खुणा करत होती.

बबनराव सोफ्यावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मग मिसकडे पाहिलं, पांढऱ्या फ्रॉककडे, काठीकडे, हौसाचा दंड धरलेल्या हाताकडे. एवढ्या वर्षांत त्यांनी मिसना समोरासमोर पहिल्यांदा पाहिलं असावं.

"संतोष," ते म्हणाले, "ती न्हाई बसायची. ल्हानपनापासनं वळखतो मी तिला. आन ती खुर्ची."

"आबा, पन लोक..."

"मुहूर्त टळतोय. आन खुर्ची."

खुर्ची आली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. संतोषच्या बायकोने कुंकवाचं ताट आणलं, क्षणभर थांबली आणि दोघींना कुंकू लावलं. मग फेटेवाला पुढे झाला आणि त्याची पंचाईत झाली. हातात एक फेटा, ताटात एक साडी. त्याने संतोषकडे पाहिलं, संतोषने वर छताकडे.

"कुनाला बांधू?"

तेव्हा मिस पहिल्यांदा बोलल्या. "मला बांद. साडीत मी पडते."

"मंग मी काय उगड्या डोक्यानं बसू?" हौसा म्हणाली. "मला बी बांद."

वैष्णवीने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. अशी नवरी मी तरी दुसरी पाहिली नाही. फेटेवाल्याने मामांच्या वाट्याचा फेटा उचलला आणि दोघींना बांधले. मामा ओरडले, "आता माजा कुटाय?" पण त्यांच्यासाठी दुसरा सापडला.

लग्न लागलं. जेवणं झाली. मी गाडी काढून दारापाशी आणली. वऱ्हाडाच्या जीपा गावाकडे निघायच्या तयारीत होत्या. बबनराव पहिल्या जीपमध्ये पुढे बसले होते. आम्ही जवळून जाताना त्यांनी मान न वळवता म्हटलं, "उद्या घरी पूजा हाय."

हौसा थांबली.

"मागच्या जीपला जागा हाय. दोन बसतील," ते म्हणाले. "यायचं तर लवकर बसा. पोरं ताटकळलीत."

हौसाने मिसकडे पाहिलं. मिस माझ्याकडे वळल्या. "सुमनबाई, तुमी जा घरी. मी पुडं जाते."

एवढंच. त्यानंतर दोनच दिवसांनी, त्या गावाहून परतायच्या आत, मी तुमच्याकडे आले आणि मी तिकडे असतानाच मिस गेल्या. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे.

मागच्या जीपमध्ये बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. आत चढताना मिस सगळ्यांना दरडावत होत्या, "सरका की वो जरा, म्हातारी हाय मी!" आणि सगळ्या सरकत होत्या. हौसा त्यांच्या मागे कुठेतरी गडप झाली. कुणीतरी न विचारताच एक झोपलेलं पोर मिसच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांनी ते नीट धरलं. जीप सुरू झाली. मिसच्या फेट्याचा शेमला खिडकीबाहेर लांबच लांब फडफडत होता. मागून येणाऱ्या मोटारसायकलवरचा एक जण ओरडला, "आजी, शेमला आत घ्या, अडकंल कुटंतरी!"

त्यांनी घेतला नाही.